बारा जिवंत शेजारी

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा कायदे जास्त होते. आणि ते कायदे वाचता येणारं कुणीच नव्हतं.

त्याचं असं झालं. फार पूर्वी त्या जंगलावर परदेशी हंसांचं राज्य होतं. हंस आपले निवाडे लॅटिनमध्ये लिहीत. जंगलात कुणालाच लॅटिन येत नसे, म्हणून निवाड्यावर कुणी वाद घालत नसे. हंसांना हे फार सोयीचं होतं. पुढे हंस उडून गेले. त्यांची दप्तरं मात्र राहिली, आणि दप्तरांवरची श्रद्धाही.

त्या जंगलात शेवरी नावाची एक तरुण साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ते. टेकडीच्या पोटात तिचं बीळ होतं. बिळात तिची म्हातारी आई होती. आईचे डोळे गेले होते, पण बिळातलं वळणन् वळण तिच्या पायांना पाठ होतं. दुसऱ्या कुठल्या बिळात ती फार दिवस जगली नसती.

एके दिवशी कोल्ह्याने दरबारात अर्ज टाकला. टेकडी बेवारस आहे, ती मला मिळावी.

शेवरी बारा शेजाऱ्यांना घेऊन दरबारात धावली. न्यायाच्या आसनावर हत्ती बसला होता.

"टेकडी कुणाची?" हत्तीने विचारलं.

"आमची, महाराज. कित्येक पिढ्यांची. या शेजाऱ्यांना विचारा."

शेजाऱ्यांत सगळ्यांत म्हातारी होती धोंडाक्का घोरपड. ती पुढे आली. "अहो, हिची आई जन्मली तेव्हा मी तिथेच होते. नाव मी ठेवलंय तिचं."

"तोंडी गोष्टी दरबार ऐकत नाही," हत्ती म्हणाला. "हंसांच्या दप्तरातला दाखला आणा."

"महाराजांना तो वाचता येतो?" शेवरीने विचारलं.

"नाही. म्हणून तर त्याचा मान ठेवायचा."

दुसरं कुणी असतं तर तिथेच भांडलं असतं. पण शेवरी शिकलेली होती, त्यामुळे तिचा न्यायावर विश्वास होता. तिने मुदत मागून घेतली आणि लॅटिन शिकायला गेली. हंसांच्या दारावर पहारा करता करता लॅटिन शिकलेलं एक कासव अजून जिवंत होतं, पण त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तेच तिचे गुरुजी.

"आजोबा, जरा लवकर शिकवा ना."

"पोरी, भाषा मरून गेलीय. तिला कसली घाई?"

भाषा आली. कासव वारलं. शेवरी दप्तरखान्यात शिरली. अर्धी दप्तरं वाळवीने खाल्ली होती. जंगलात तेवढ्या वाळवीलाच लॅटिन पचलं होतं. उरलेली तिने वाचून काढली, आणि वाचता वाचता तिला हसू फुटलं.

कारण ते सगळे पवित्र दाखले एकाच साच्याचे होते. कुणी जमीनवाला मेला की हंस बारा शेजाऱ्यांना बोलवत. शपथ घालून विचारत, याची जमीन कोणती, वारस कोण, वारसाचं वय काय. शेजारी सांगत. हंस ते लॅटिनमध्ये उतरवून घेत. बस्स, एवढंच.

तिला हवा होता तो दाखलाही सापडला. तिने तो भर दरबारात वाचला. "बारा शेजारी शपथेवर सांगतात की टेकडी साळूंची आहे. मेलेल्याची वारस त्याची मुलगी तांबडी. ती वयात आलेली आहे."

हत्तीचे डोळे भरून आले. "काय भाषा आहे. टेकडी तांबडीचीच, यात शंका नाही. बोलवा तिला."

"ती माझी पणजी, महाराज. केव्हाच गेली."

"मग तिची वारस कोण?"

"आजी. मग आई. आईमागे मी."

"कशावरून?"

"हे बारा जण सांगतात त्यावरून. हंससुद्धा शेजाऱ्यांनाच विचारत होते. तुम्ही ज्याला नमस्कार करता तो कागद म्हणजे शेजाऱ्यांचं बोलणंच आहे."

"तोंड सांभाळ," हत्ती म्हणाला. "त्या शेजाऱ्यांत आणि या शेजाऱ्यांत फरक आहे."

"कोणता?"

"ते मेलेत. मेलेला साक्ष फिरवत नाही. जिवंताचा काय भरवसा?"

शेवरी कोल्ह्याकडे वळली. "आणि याचा पुरावा?"

"ताई, मी कुठे स्वतःला वारस म्हणवतोय?" कोल्हा नम्रपणे म्हणाला. "मी साधा अर्जदार. पुरावा वारसाने द्यायचा असतो."

हत्तीने निकाल दिला. पणजीची मालकी सिद्ध झाली. पणजीनंतरचं कुणीच सिद्ध झालं नाही. म्हणून टेकडी बेवारस. बेवारस जमीन अर्जदाराला.

"पण दरबार निर्दय नाही," तो पुढे म्हणाला. "या बारा शेजाऱ्यांची साक्ष आजच लिहून घ्या. शेवरीला लॅटिन येतंच, तिनेच ती उतरवावी. बाराही जण वारले की साक्ष ग्राह्य धरू आणि टेकडी परत देऊ."

शेवरीने साक्ष उतरवली. एकही चूक केली नाही.

संध्याकाळी कोल्ह्याने म्हातारीला बिळाबाहेर काढलं. ती उघड्यावर एकेक पाऊल चाचपून टाकत होती आणि दर पावलाला अडखळत होती. बारा शेजारी भोवती उभे होते.

शेवटी धोंडाक्का शेवरीजवळ सरकली.

"पोरी, रागावू नकोस. पण आम्ही कधीपर्यंत मरायचं, ते लिहिलंय का कागदात?"

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र आधी मरून घ्यावं आणि मग बोलावं. जिवंतपणी सांगितलेलं खरं म्हणजे नुसत्या गप्पा असतात.