किसनभाऊंचा पहिला रुमाल

किसनभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी दाराची चौकट वाजवून पाहिली, मग भिंत, मग मी पुढे केलेली खुर्ची. मधलं बोट वाकवून टक टक टक, आणि कान तिरका. "बाई, हिचा मागचा पाय दमलाय," म्हणाले आणि खाली सतरंजीवर बसले. मला राग आला. खुर्ची नवी होती. आठवड्याने त्याच खुर्चीतून माझे धाकटे दीर हातातल्या पोह्यांसकट खाली आले, तेव्हा मला किसनभाऊ आठवले. पण ते मी घरात कोणाला सांगितलं नाही.

नारळ आणि कलिंगड काय, सगळेच वाजवून घेतात. हे भाकरी वाजवतात. पलीकडच्या घरात बारसं होतं, तर यांनी पाळण्याचे चारही पाय वाजवले आणि मगच बाळाला आत ठेवू दिलं. बाळाची आत्या नाव सांगायला वाकून तशीच थांबली होती. कोणी हसलं की म्हणायचे, "आवाज सांगतो, बाई." ते रेल्वेत कीमन होते. रोज ठरलेल्या टप्प्यातला रूळ पायी तपासत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून बसवायच्या, हे काम त्यांनी कामशेतच्या आसपास पस्तीस वर्षं केलं. निवृत्तीच्या दिवशी हातोडा जमा केला, पण सवय कुठे जमा करणार?

मी मूळची सोलापूरची. इथल्या शाळेत शिवणकाम शिकवायला आले आणि इथलीच झाले. चाळीत आमचं आणि किसनभाऊंचं दार समोरासमोर. शाळेत माझा दरारा होता, असं माझं मत आहे. मुलींचं मत वेगळं असू शकेल. टाका चुकला की मी एकच शब्द म्हणायचे, "उसव." मुली माझ्यामागे मला उसवबाई म्हणायच्या, हे मला निरोप समारंभात कळलं.

तर एका उन्हाळ्यात हे किसनभाऊ दुपारी दारात उभे. आज चौकट वाजवली नाही, म्हणजे काहीतरी गंभीर असणार.

"बाई, ते क्रोशाचं काम मला शिकवा."

मी म्हटलं, "कोणाला?"

"मला."

मग सांगितलं ते असं. त्यांच्या बायकोला, हौसामावशींना, काचबिंदू झाला होता. लक्षात यायला उशीर झाला. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. कडेचं सगळं गेलं होतं. मधोमध धरलेली वस्तू, त्यातही पांढरी, तेवढी दिसायची. हौसामावशींचं क्रोशाकाम आख्ख्या चाळीला माहीत. टीव्हीवर, फळीवर, माठावर, जिथे बघाल तिथे त्यांच्या हातचा रुमाल. तीन वर्षांपूर्वी सुई ठेवली ती ठेवलीच.

"घरात समदीकडं तिच्या जाळ्या हुत्या, आन मी रूळ बघत बसलो," किसनभाऊ म्हणाले. "एकदा तर तिचा नवा रुमाल मी पान्याला गुंडाळून डुटीवर नेलता. गिरीस लागलं. ती काय बोलली न्हाई बगा. बोलली असती तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "तिला दिसतंय तवर एक रुमाल करून तिच्या म्होरं धरायचाय. पांढरा. तिला म्हणायचंय, ह्यो मी केलाय."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मावशी दुपारी झोपल्या की भाऊ माझ्या ओट्यावर यायचे. ओट्यावरून जाणाऱ्यांनी विचारलं की सांगायचे, मासे धरायचं जाळं विणतोय, इंद्रायणीवर जाणार हाय. एकाने रुमालाचा घेर पाहून विचारलं, "भाऊ, एवढ्याशा जाळ्यात काय घावणार?" भाऊ मान वर न करता म्हणाले, "भूक बी तेवढीच हाय."

पहिले चार दिवस नुसती साखळी. सुई हातोड्यासारखी मुठीत. दोरा असा आवळायचे की सुईचं टोक पुन्हा आत जाईना. मी म्हणायचे, सैल सोडा. ते म्हणायचे, "सैल? बाई, जन्म गेला सैल दिसलं की ठोकण्यात." पण चिकाटी दांडगी. पाचव्या दिवशी साखळीचं कडं झालं, त्याच्यावर पहिले खांब उभे राहिले. क्रोशातल्या उभ्या टाक्याला खांब म्हणतात. खांब मोजायला सांगितल्यावर माणूस खुलला.

आणि इथेच माझी कसोटी सुरू झाली. कारण भाऊ रोज नवा टाका घालण्याआधी पहिल्यापासूनचं सगळं काम तपासायचे. मधल्या कड्यापासून निघायचे, नखाने एकेक खांब हलवून पाहायचे, फेरी संपली की पुढची फेरी. सगळं झालं की रुमाल उलटा करायचा आणि मागच्या बाजूने परत. रुमाल वाढेल तशी ही गस्त वाढत गेली. शेवटी शेवटी तासभर तपासणी आणि दहा मिनिटं विणकाम, असा हिशेब झाला. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, कालच बघितलंत ना?"

"काल ठीक हुतं म्हंजी आज ठीक असंल असं न्हाई, बाई."

मी कपाळाला हात लावला. तरी आषाढ लागता लागता शेवटची पाकळी झाली. बारा पाकळ्यांचा रुमाल. एकही टाका चुकलेला नाही. फक्त तो सपाट बसेना. आवळून विणल्यामुळे मधे खोलगट झाला होता, वाटीसारखा. भाऊंनी तो डोक्यावर घातला आणि लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, "चालतंय. असाच देतो. तिला पांढरं दिसतंय, बास."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण मी उसवबाई. माझ्या हाताखालचं काम वाकडं बाहेर जातं म्हणजे काय! मी म्हटलं, "असा कसा द्याल? मावशी स्वतः एवढ्या कसबी, त्यांच्यापुढे हा घडा ठेवणार? खळ लावून, ताणून, टाचण्या मारून वाळवायचा. मग बघा कसा बसतो."

"किती दिस लागतील?"

"दोन," मी म्हटलं. आमच्या सोलापूरला दोन तासही पुरतात.

खळीला भाऊंनी घरच्या इंद्रायणी तांदळाची पेज आणली, तीही धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून. मी थर्माकोलच्या पाटावर कागद लावला, कंपासने वर्तुळं काढली, बारा रेघा आखल्या. शाळेतून उरलेली टाचण्यांची डबी काढली. भाऊंनी एक टाचणी उचलली, बोटांत फिरवली, नाकाशी नेली.

"बाई, लोखंड हाय हे."

"मग?"

"हितं पावसाळ्यात लोखंड उघडं ठेवत न्हाईत. गंज धरतं. जरा गिरीस लावू का टाचण्यांना?"

पांढऱ्या दोऱ्याला ग्रीस! मी हसले आणि मग चिडले. म्हटलं, "भाऊ, रूळ तुमचे, रुमाल माझा. मला शिकवू नका." पस्तीस वर्षं त्या माणसाने याच ओलीत लोखंड सांभाळलं होतं. पण समोर बाई होती, म्हणून त्याने टाचण्या उचलल्या. एकेका पाकळीला एकेक टाचणी त्याने माझ्या रेघेवर बरोब्बर मारली.

मग धुकं उतरलं. ज्यांनी लोणावळ्याकडचा आषाढ पाहिलाय त्यांना सांगायला नको. भिंतीला पाणी सुटतं, मीठ डब्यातच विरघळतं, धुतलेली पोलकी तव्यावर शेकून घालावी लागतात. दोन दिवस झाले, रुमाल ओला. तीन झाले, ओला. भाऊ रोज येऊन विचारायचे, "काढू का?" आणि मी म्हणायचे, आत्ता काढलात तर परत वाटी होईल.

चौथ्या दिवशी ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "आज तिनं मला बघून वळखलं न्हाई. दारात हुतो तर म्हणाली, कोन हाय. चाललो तवा पायावरनं वळखलं." आणि मग, "बाई, काढू का?"

मी रुमालाला बोट लावलं. मधोमध ओल होती. मी म्हटलं, "उद्या."

माझा तो "उद्या" मला अजून ऐकू येतो. एवढी मोठी गोष्ट मला समोर सांगितली गेली, आणि मी दोऱ्याची ओल पाहत होते.

सहाव्या दिवशी टाचण्या काढल्या. रुमाल सपाट, गोल, ताठ. कुठल्याही प्रदर्शनात शोभला असता. आणि बारा पाकळ्यांच्या टोकांना बारा तांबूस डाग. "मी म्हटलं हुतं" एवढं म्हणायचा भाऊंचा हक्क होता, तोही त्यांनी वापरला नाही. मी लिंबू लावलं, मीठ लावलं, उन्हात ठेवायला ऊन शोधलं. ऊन कुठलं? त्यात आणखी चार दिवस गेले. डाग फिके झाले, पण गेले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, चला. आहे तसा देऊ." हेच त्यांनी दहा दिवसांपूर्वी म्हटलं होतं.

हौसामावशी पलंगावर बसल्या होत्या. दुपार असून खोलीत अंधारून आलं होतं, म्हणून ट्यूब लावलेली. भाऊंनी रुमाल त्यांच्या हातात ठेवला.

"काय वो हे?"

"रुमाल हाय. मी केलाय."

"तुमी? काय बी सांगता."

"बाईंना इचार."

"खरंय, मावशी," मी म्हटलं. "एकेक टाका त्यांचा आहे."

मावशींची बोटं कडेने फिरली, पाकळ्यांवरून, मग आत, खांबांवरून. तोंडावर हसू येत येत थांबलं. त्यांनी रुमाल दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरला, मधोमध, जवळ. थोडा डावीकडे केला, थोडा उजवीकडे. मग म्हणाल्या, "जरा दिवा लावा की. बघू तरी द्या."

मी ट्यूबकडे पाहिलं. भाऊंनीही पाहिलं. ते उठले, बटणापाशी गेले, ट्यूब बंद केली आणि परत लावली.

"लावला," ते म्हणाले.

बटणाचा आवाज मावशींनी ऐकला असेल, आणखी काय काय ऐकलं असेल देव जाणे. मग रुमाल किंचित वर उचलून त्या म्हणाल्या, "व्हय की. दिसला. किती पांढराशुभ्र झालाय वो."

"व्हय," भाऊ म्हणाले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

मी चहालाही न थांबता घरी आले. दहा दिवसांपूर्वी तो रुमाल मावशींनी खरंच पाहिला असता, "वाकडा झालाय" म्हणाल्या असत्या आणि नवऱ्याला पोटभर हसल्या असत्या.