तीन पट्ट्या आणि एक तळवा

एका जंगलात, बाळांनो, मधाला तोटा नव्हता आणि वैद्यांनाही नव्हता. तिथे भालेराव नावाचे एक अस्वल-गृहस्थ राहत. मध खाऊन खाऊन त्यांच्या अंगात मधुमेह मुरला होता. तळव्यांना आधी मुंग्या येत. आता तर काहीच कळत नसे.

एकदा डाव्या तळव्यात साळिंदराचा काटा रुतला. भालेराव तीन दिवस तसेच हिंडले. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, घरभर हे रक्ताचे डाग कुणाचे?"

"कुणी जखमी जनावर येऊन गेलं असेल बिचारं," भालेराव हळहळले.

मग बायकोने त्यांचाच तळवा उलटून दाखवला. बोराएवढी जखम! भालेराव तडक वैद्यांकडे निघाले. त्यांच्या वडिलांचा पाय अशाच जखमेपायी गेला होता.

कोल्होबा वैद्य म्हणाले, "मधाची पट्टी!" मोर वैद्य म्हणाले, "छे, चांदीच्या वर्खाची!" बेडूक वैद्य म्हणाले, "ओल्या शेवाळाची!"

भांडण सिंहमहाराजांपुढे गेलं. महाराज म्हणाले, "तुलना करा. प्रत्येकाला पंधरा दिवस. मोजमाप बगळा घेईल."

झालं! कोल्होबा टेकडीपलीकडे, मोर नदीपार, बेडूक तर दूरच्या तळ्यात. भालेराव रोज त्याच पायाने चालत पट्टी बांधायला जाऊ लागले. मधाची पट्टी ते वाटेतच चाटून टाकत. बगळ्याने लिहिलं, "पट्टी पूर्ण शोषली गेली. उत्तम."

जखम बोराची आवळ्याएवढी झाली, आवळ्याची लिंबाएवढी. बगळ्याने लिहिलं, "तिन्ही पट्ट्या तुल्यबळ. तुलना पुढे चालू."

भालेरावांना आता झोप लागेना. अशात साळूबाई साळिंदरीण खाली मान घालून दारात आली.

"भावोजी, काटा माझाच होता हो. पण हे इतकं चालताय कशाला?"

"तुलनेसाठी."

"जखमेवर काय बांधलंय ते सगळे बघतात. जखमेवर कोण उभं आहे, ते कुणी पाहिलं का?"

 भालेराव खाली बसले.

साळूबाईने जखमेतली घाण काढली, उकळून निववलेल्या पाण्याने ती धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. "पाय जमिनीला लावायचा नाही," तिने बजावलं. बायकोने मधाची पोळी शेजारणीकडे पाठवली. भालेराव दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी कारल्यावर आले. फडकं रोज बदलत होतं. तीन महिन्यांनी जखमेवर नवी कातडी धरली. भालेराव तो तळवा बघत बराच वेळ रडले.

दरबारात विचारणा झाली, "कोणत्या पट्टीने गुण आला?"

"महाराज, मी बसलो," भालेराव म्हणाले. "आणि मध सोडला."

"बसणं ही पट्टी आहे का?" कोल्होबांनी विचारलं.

"नाही."

"मग ते तुलनेत धरता येत नाही."

बगळ्याने लिहिलं, "रुग्णाने मध्येच बरे होऊन तुलनेचा भंग केला." भालेरावांचं नाव वहीतून खोडलं गेलं. मोर वैद्यांनी लगेच उसाच्या मळ्यातला हत्ती सुचवला. त्याच्या चारही पायांना जखमा होत्या. वैद्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि चौथी पट्टी शोधायला निघाले.

तात्पर्य : पाय गेला तरी चालेल; पण अहवाल येण्याआधी रुग्णाने बरं होऊ नये.