सारख्यातला पंप

शर्यत दुपारी होती आणि सकाळीच गाडीखाली इंधनाचं थारोळं दिसलं. मिस्त्रींनी बोट बुडवलं, हुंगलं आणि मटकन खाली बसले. पंप गेला होता. नेमका आज, संघाची गाडी पहिल्यांदाच पहिल्या रांगेतून सुटणार होती तेव्हा.

मिस्त्री म्हणजे संघाचे मुख्य मेकॅनिक. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांत हयात गेलेली, आणि तक्रार एकच. खर्च आवरायचा म्हणून आता काही भाग सगळ्या संघांना एकाच कारखान्यातून, अगदी सारखे घ्यावे लागत. पंप त्यातलाच. "उद्या ड्रायव्हरपण सारखेच वाटतील," असं ते म्हणत.

"जादाचा सुटा पंप काढा," ते म्हणाले.

"तो इथे नाहीये," खर्चावर नजर ठेवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांना पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणत. "भाग सगळ्यांकडे सारखेच, मग प्रत्येकानं कोठार कशाला भरायचं? मी काय केलं..."

पुढचं ऐकायला मिस्त्री थांबलेच नाहीत. त्यांना दिसत होतं ते शेजारचं गॅरेज. तिथले मुख्य मेकॅनिक म्हणजे त्यांच्या ताईचे यजमान. मागे ताईकडे जेवताना मिस्त्री म्हणाले होते, "साच्यातले भाग जोडतो तो कसला मेकॅनिक? खेळणी जोडणारा तो." दाजी मात्र सारख्या भागांच्या बाजूचे. ते भरल्या ताटावरून उठले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं ताईमार्फत चालायचं.

मिस्त्रींनी ताईला फोन लावला. "दाजींना विचार ना, एखादा पंप आहे का."

"तुमच्या दोघांत भिंत एक, आणि मी बसलेय दुसऱ्या टोकाला. जा की आपल्या पायांनी."

गेले. दाजी चष्मा पुसत होते.

"दाजी, पंप हवा होता. तो... सारख्यातला."

"खेळण्यातला?"

"हो."

"बरा असतो का तो?"

भिंतीपलीकडे मिस्त्रींच्या संघाची ड्रायव्हर पोरगी शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसली होती. "चांगला असतो," मिस्त्री म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं."

दाजींनी पिशवी पुढे केली. मिस्त्री ती नीट न बघताच घेऊन धावले.

मिस्त्रींनी कानस हाताशी ठेवली होती. एका गाडीचा भाग दुसरीत बसवायचा म्हणजे घासणं, ठोकणं आणि शिव्या, हे त्यांना पाठ होतं. पण पंप आत सरकला आणि टक् करून बसला. कानसेला हात लागला नाही. घरी एकाच दिवशी आणलेल्या दोन डब्यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत, आणि इथे भांडलेल्या घरचा भाग इथेच जन्मल्यासारखा बसला होता. इंजिन सुरू झालं. ट्रेमधले पाने थरथरले, जमीन पायांतून बोलू लागली. मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं याला नावं ठेवली, आणि हे असं आहे, या विचारानं ते भारावून उभे राहिले.

गाडी तिसरी आली. संघातल्या सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कात्रीबाईंनासुद्धा.

आवराआवर करताना पिशवी हाती लागली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचा पंप. कुणीही हात लावू नये.' अक्षर मिस्त्रींचंच होतं.

"तेच तर सकाळी सांगत होते," कात्रीबाई म्हणाल्या. "मागच्या शर्यतीत शेजाऱ्यांचा फुटला, मी आपला दिला. याच पंपावर त्यांची गाडी पळाली."

मिस्त्री तरातरा शेजारी गेले. "दाजी, हा आमचाच होता."

"हो."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान बोलत होतास. मध्येच कसं तोडायचं?"

मिस्त्रींना रागवायचं होतं, पण जमेना. पंप त्या घरी राहून आला होता आणि त्याला काहीच जड गेलं नव्हतं. त्यांनी पिशवी दाजींच्या टेबलावर ठेवली.

"नवा आला की यात ठेवा. दोघांत मिळून एकच सुटा पुरे. लागला तर ताईला फोन करीन."

"मला कर," दाजी म्हणाले.