शालीखालचा चंद्र

मागच्या संकष्टीला धार शहरावर ढगांनी ठाण मांडलं होतं. कमलताईंच्या धाकट्या बहिणीने, अंजूने, खातेगांवहून व्हिडिओ कॉलवर तिकडचा चंद्र दाखवला. ताई हात जोडणार, तेवढ्यात शरच्चंद्ररावांनी निकाल दिला, "फोनमधला चंद्र म्हणजे दर्शन नव्हे. डोळ्यांनी पाहायला हवा!" नवराबायको दोघंही उपाशी झोपली. राव गणिताचे निवृत्त मास्तर, अपवाद त्यांना सोसत नसे. ताई काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना पटलं असं मास्तर धरून चालले.

या संकष्टीला आकाश उघडं होतं आणि मास्तरांच्या गच्चीवर नवी दुर्बीण उभी होती. बटण दाबलं की चंद्र आपला आपण शोधणारी. तिच्या मागे अंगठ्याएवढा कॅमेरा आणि त्याची वायर लॅपटॉपला. "इसमें पूरा चाँद नहीं आएगा, सर," असं दुकानदार म्हणाला होता, ते मास्तरांना फार लागलं होतं. चंद्र घरांच्या वर येण्याआधीच ते ठाण मांडून बसले. शेजारच्या विक्रमसिंहांच्या गच्चीवरचा दिवा लॅपटॉपच्या पडद्यावर चमकू लागला, तशी त्यांनी डोक्यावरून शाल ओढली आणि लॅपटॉपसकट तिच्या आत शिरले.

दुकानदार खरं बोलला होता. पडद्यावर चंद्राचा एक गाल तेवढा मावत होता. मास्तर हट्टाला पेटले. आता तुकड्यातुकड्यांनी फोटो काढायचे आणि जोडायचे.

"भिया, अंदर क्या पका रिये हो?" विक्रमसिंहांनी कठड्यावरून विचारलं.

"चाँद!" शाल म्हणाली.

कमलताई वर आल्या, चंद्र पाहिला, अर्घ्य दिलं. "अहो, थाली लावलीये. दर्शन घ्या नि चला, बादल येताहेत."

"तोच तर बघतोय केव्हाचा! एक तुकडा राहिलाय."

ताई खाली गेल्या आणि शांतपणे जेवल्या. मोदकांचा वास शालीपर्यंत पोचला, पण मास्तर हलले नाहीत. शेवटचा तुकडा मिळाला आणि पडदा काळा झाला. ढग आले होते. आता येऊ देत, म्हणाले मास्तर. तुकडे जोडून, लॅपटॉप आरतीच्या तबकासारखा धरून ते खाली आले.

"बघ, पूर्ण!"

"सुंदर आलाय हो," ताई मनापासून म्हणाल्या. मग मोदकांवर झाकण ठेवत त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही पाहिला?"

"म्हणजे काय? हा काय!"

"हा लॅपटॉपमधला. डोळ्यांनी?"

मास्तर चपला न घालताच गच्चीवर धावले. वर नुसता काळोख होता. खाली येऊन ते रिकाम्या थालीसमोर बसले, आणि त्यांना वाईट वाटलं. स्वतःच्या पोटाचं तर वाटलंच, पण मागच्या महिन्यात ही अशीच उपाशी राहिली होती, याचं जास्त वाटलं.

"चुकलंच माझं तेव्हा," ते म्हणाले. मग अगदी हळू, "अंजूला फोन लावतेस का?"

ताईंनी लावला. "जिजाजी, इकडे एकदम साफ आहे हां आसमान!" अंजूने फोन चंद्राकडे वळवला. मास्तरांनी घाईने हात जोडले.

"थांबा," ताई म्हणाल्या आणि चष्मा त्यांच्या हातात ठेवला. "डोळ्यांनी पाहायला हवा ना?"