पांचं फूल

"पा, आपल्या खिडकीत तुम्ही हे बाळांचे कुल्ले का वाढवता हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शेवॉनने वडिलांना विचारून टाकलं. त्या दोघी कुंपणामागे तोंड दाबून हसत होत्या. नाव मात्र खरंच होतं. दोन गुबगुबीत करडी पानं, मधे एक फट! सगळं गाव त्या झाडांना बाळकुल्लेच म्हणतं.

पा चिडले नाहीत. "फुलासाठी," ते हळूच म्हणाले. "बी पेरलं तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. सहा वर्षं चमच्याने पाणी घालतोय. आज पहिली कळी उमलतेय. पाचच्या आत फोटो दिला, तर गावच्या हॉलमधल्या प्रदर्शनात लागेल."

"मग काढते की मी! गाव बघत राहील!"

दोन वाजता जांभळं फूल उघडलं आणि पांनी उत्साहाच्या भरात शेजारी हाक मारली. तिथेच घोटाळा झाला. शेजारचे ऊम क्लास, म्हणजे क्लासकाका, आपली भलीमोठी टोपी घालून वाकले. मिना तानी, म्हणजे मिनामावशी, पाकात बुडवलेल्या वेणीदार कूकसिस्टरांचं ताट घेऊन वाकल्या. मागून त्यांचं अख्खं प्रार्थनामंडळ वाकलं. फुलावर गच्च सावली पडली. फुलाला वाटलं, झाली संध्याकाळ. ते मिटायला लागलं.

"अहो, सरका!" पा कळवळले.

सरकले, तर घराची सावली आली. कुंडी रस्त्यावर नेली, तिथे चर्चचा मनोरा आडवा आला. हिवाळ्यातलं ऊन ते, थांबतंय कुणासाठी?

"बसा माझ्या गाडीत!" ऊम क्लास गरजले. "उन्हालाच गाठू!"

मागच्या उघड्या हौद्यात पा कुंडीला पोटाशी धरून बसले, शेजारी मा, शेवॉन आणि ताटासकट मिना तानी. गाडी थेट टेकडीवर गेली. तिथे लख्ख ऊन होतं. सगळे शहाण्यासारखे लांब उभे राहिले. अर्ध्या तासाने पाकळ्या पुन्हा उलगडल्या. उन्हाच्या झगझगाटात स्क्रीन दिसत नव्हती, तरी शेवॉन पालथी पडून धडाधड फोटो काढत सुटली.

मग तिने ते पाहिले. प्रत्येक फोटोत फुलाला जवळजवळ टेकलेलं पांचं नाक होतं. डोळे ओले, तोंड उघडं. फुलाचा पाव भाग जेमतेम दिसत होता. पा फूल बघायला कधी वाकले, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

तेवढ्यात ऊन डोंगरामागे गेलं. साडेचार झाले होते.

"मीच वाटोळं केलं," पा पुटपुटले. "फोटोत माणूस चालत नाही, तसा नियम आहे."

"डॉविड, तुझं हे नाक!" म्हणत माने त्यांच्या कोपराला धरलं.

शेवॉन गुडघे झटकत उठली. "पा, मा, ऐका. माझं ठरलंय. मी हाच फोटो देणार. आणि फॉर्मवर 'फुलाचं नाव' विचारलंय ना, तिथे पांचं नाव लिहिणार."