सोळा आणि सतरा

कासिमभाईंनी महापालिकेची नोटीस तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा त्यांना आनंदच झाला. घराची गॅलरी बेकायदा आहे, पंधरा दिवसांत पाडा, असं त्यात साफ लिहिलं होतं. शेजारच्या श्रीनिवास मास्तरांच्या त्या गॅलरीनं त्यांचं ऊन अडवलं होतं. चार वर्षं अबोला होता आणि तक्रार कासिमभाईंचीच होती.

"अहो, पण नाव तुमचं आहे यावर," त्यांची बायको बिलकिस म्हणाली.

"तक्रारदाराचं असेल."

"तक्रारदाराला पाडायला सांगतात?"

कागदपत्रांतले जाणकार म्हणून कात्रजच्या त्या गल्लीत कासिमभाई प्रसिद्ध होते, निदान स्वतःपुरते तरी. बुधवार पेठेतल्या दुकानात अँप्लिफायर दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकवत, "घर नुसतं राहायला नसतं हो. कागद चोख असला की तेच घर धंदा वाढवून देतं." सध्या घर तारण ठेवून दुकानालगतचा गाळा घ्यायचं चाललं होतं. फाईल बँकेत गेली होती.

नोटिशीतली चूक दाखवायला ते ऐटीत कचेरीत गेले. तिथल्या वासंती मॅडमनी नकाशा उलगडला.

"तुमचा प्लॉट?"

"सतरा. खरेदीखतावर आहे."

"हा बघा सतरा. गॅलरीवाला. तुम्ही राहताय तो सोळा."

"आणि सोळा कोणाचा?"

"मास्तरांचा."

प्लॉट विकणाऱ्यानं पंचवीस वर्षांपूर्वी जागा दाखवताना डावं-उजवं केलं होतं आणि दोघांनी मोठ्या हौसेनं एकमेकांच्या जमिनीवर घरं बांधली होती.

"म्हणजे मी माझ्याच विरुद्ध तक्रार केली?"

"केलीत. पण काय मुद्देसूद! आम्ही इथं सगळ्यांना वाचून दाखवली."

"मग मी ती मागे घेतो."

"आता नाही जमणार. मालकानं गॅलरी पाडायची, नाहीतर ती नियमित करायचा अर्ज द्यायचा. मालक तुम्ही."

बाहेर येतात तोच बँकेचा फोन. राहतं घर तुमच्या नावावर नाही, आधी चूक दुरुस्तीचा दस्त करा, त्यावर दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात.

संध्याकाळी कासिमभाईंनी शेजारचं दार वाजवलं. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"या, मालक. भाडं वाढवायला आलात?"

"मास्तर, थट्टा नको. सही हवी आहे."

"देतो की. गॅलरी तेवढी वाचवा. आपलीच आहे."

मास्तरांच्या बायकोनं, आनंदीवहिनींनी, चहाचा कप पुढं केला. "घ्या ना. संकोच कसला, आपल्याच घरात?"

त्या रात्री कासिमभाईंनी अर्ज लिहिला. 'सदर गॅलरी उजेड व हवेसाठी असून तिच्यापासून शेजाऱ्यांस यत्किंचितही त्रास नाही.' 'यत्किंचितही'पाशी पेन बराच वेळ अडलं होतं.

आठवड्यानं पाहणीला इंजिनिअर आले. गॅलरीत मालक म्हणून कासिमभाई उभे, मागं मास्तर. इथं कासिमभाई पहिल्यांदाच आले होते. वारा झकास होता, समोर कात्रजचा डोंगर दिसत होता. गॅलरी चांगली आहे, हे त्यांना कबूल करावं लागलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"शेजाऱ्यांना त्रास?" इंजिनिअरनी विचारलं.

"अजिबात नाही. मी खात्रीनं सांगतो."

इंजिनिअर कठड्यावरून वाकले. "शेजारच्या गच्चीवर ती पत्र्याची खोली कसली? परवानगी काढलेली दिसत नाही."

ती खोली कासिमभाईंनीच यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर उठवली होती. ते मास्तरांकडे बघू लागले. मास्तर डोंगराकडे बघत होते.

"तुम्ही तक्रार द्या, मी बघतो त्यांच्याकडे," इंजिनिअर म्हणाले.

"नको, नको साहेब! फार सज्जन माणसं आहेत ती."

"सज्जन आहेतच," मास्तर म्हणाले. "फक्त अर्ज लिहायची हौस जरा दांडगी."

गॅलरी मंजूर झाली. महिन्याभरात दस्त नोंदला गेला आणि पुढं गाळाही मिळाला. पण दस्तावर सही करायच्या दिवशी मास्तरांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि विचारलं,

"सोळा-सतरा नीट लिहिलंय ना, कासिमभाई? कागदातलं तुम्हाला कळतं."

कासिमभाईंनी दस्त त्यांच्यापुढं सरकवला. "तुम्हीच वाचा, मास्तर. अगदी मोठ्यानं वाचा. मी नुसता ऐकतो."