एकशे वीस वाफे आणि एक वादळ

भाताचे डॉक्टर दहा वर्षं एका वादळाची वाट बघत होते. माणसांचे नव्हे, भाताचेच डॉक्टर. संशोधन केंद्रात सगळे त्यांना तसंच म्हणत. भरघोस दाण्याचं भात वाऱ्यात लोळतं आणि ताठ उभं राहणारं भात बेचव लागतं, म्हणून त्यांनी दोघांचं लग्न लावून दिलं होतं. जाड खोडाचा वारसा कोणत्या लेकरांत उतरला, हे वादळाशिवाय कळणार नव्हतं. आणि पुढच्या महिन्यात डॉक्टर निवृत्त होणार होते.

रविवारी दुपारी वादळ आलं, रस्ते बंद करून गेलं. सोमवारी सकाळी डॉक्टर शेतावर पोहोचले, तर एकशे वीसच्या एकशे वीस वाफे ताठ! त्यांचा ऊर भरून आला. सांगायचं कुणाला? बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि परदेशातली मुलगी या वेळी झोपलेली असे. दुसरं कोणी सुचेना, म्हणून त्यांनी थेट संचालकांना फोन लावला आणि तिथेच घोळ झाला.

"सगळे उभे? वा! अकराला पाहुणे येतायत, त्यांना घेऊनच येतो!"

फोन ठेवून डॉक्टर वाकले, तर प्रत्येक जुडग्याला काठी आणि सुतळी.

"मीच बांधलं," शेतावरच्या मावशी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "काल जवळजवळ सगळं आडवं झालेलं. अंधार पडेपर्यंत बांधत होते."

"अहो मावशी, कोण पडतं तेच तर बघायचं होतं!"

"मग सांगायचं नाही का? आठ वर्षं मी इथे आहे. तुम्ही रोपांशी बोलता, माझ्याशी कधी बोललात?"

डॉक्टरांनी एका काठीची सुतळी चाचपली. "निदान उभे होते ते तरी सोडायचे."

"सगळ्यांना बांधलं आणि त्यांना तसंच ठेवायचं? बरं दिसतं का ते? पण पडलेल्यांना दोन गाठी मारल्यात, उभ्यांना एकच."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे वही उघडली. मावशी गाठी सांगत गेल्या, डॉक्टर लिहीत गेले. मधेच मावशींनी त्यांना जाड खोडाचं गणित विचारलं, आणि डॉक्टर इतके बोलले की घसा बसला. एका गाठीचे वाफे निघाले सात.

"म्हणजे एकशे तेरा नापास?" पाहुण्यांसमोर संचालकांचा चेहरा उतरला.

"सात पास, सर! दहा वर्षांत पहिल्यांदा!"

पाहुणे माना डोलावून चहाला निघून गेले. संचालकही त्यांच्यामागे गेले. डॉक्टरांनी वही मिटली, परत उघडली.

"मावशी, उद्या परत मोजू या."

"आत्ताच दोनदा मोजलं की."

"तीनदा मोजावं लागतं. शास्त्राचा नियम आहे."

असा काही नियम नसणार, हे मावशींना डॉक्टरांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

"मग चारदा मोजू," त्या म्हणाल्या. "माझी तरी घरी कोण वाट बघतंय?"